चाकणची गाडी आणि मेक्सिकोचा टॅक्स: गाड्या देशाबाहेर पाठवायचे नियम बदलले की काय काय हलतं

माझा मावसभाऊ चाकणला एका व्हेंडरकडे मोल्डिंगला आहे, डॅशबोर्डचे प्लास्टिकचे पार्ट काढतात ते. तिथे काही पार्टचे दोन-दोन मोल्ड म्हणजे साचे असतात, एक उजव्या स्टिअरिंगचा म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांचा, आणि दुसरा डाव्या स्टिअरिंगचा, तो फक्त बाहेर जाणाऱ्या गाड्यांसाठी. डिसेंबर २०२५ मध्ये मेक्सिकोची बातमी आली त्या दिवशी रात्री त्याचा फोन आला, "दादा, ते मेक्सिकोवाले पन्नास टक्के टॅक्स लावतायत म्हणे, मग आपल्या डाव्या मोल्डचं काय?"

प्रश्न साधा वाटतो पण उत्तर द्यायला बसलो तर अर्धा तास झाला तरी संपेना, कारण गाडीवरचा आयात कर म्हणजे एक आकडा नसतो, त्याच्या मागे चार-पाच वेगवेगळे नियम असतात आणि त्यातला कुठलाही एक बदलला तरी गाडीची किंमत, जहाज आणि शेवटी इथली शिफ्ट, सगळं हलतं. म्हणून म्हटलं नीट लिहूनच काढू.

आधी बातमी काय होती ते

मेक्सिकोच्या सिनेटने १० डिसेंबर २०२५ ला एक कायदा मंजूर केला आणि १ जानेवारी २०२६ पासून तो लागू झाला. ज्या देशांशी मेक्सिकोचा व्यापार करार नाही, म्हणजे भारत, चीन, दक्षिण कोरिया, थायलंड, इंडोनेशिया वगैरे, त्यांच्याकडून येणाऱ्या १४०० च्या वर प्रकारच्या मालावर कर वाढवला. कपडे, स्टील, प्लास्टिक, चपला सगळं आहे त्यात, पण आपल्याला सगळ्यात जास्त झळ देणारी गोष्ट म्हणजे तयार गाड्या, त्यांच्यावरचा कर २० टक्क्यांवरून थेट ५०.

आता मेक्सिको म्हटलं की आपल्याला लांबचा देश वाटतो. पण आपल्या गाड्यांसाठी दक्षिण आफ्रिका आणि सौदी अरेबियानंतर तिसऱ्या नंबरचं गिऱ्हाईक हाच देश होता. आणि पुण्याचं नातं तर फारच जवळचं आहे. चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन व्हर्टसची पहिली मोठी खेप २०२२ मध्ये मुंबई बंदरातून मेक्सिकोलाच गेली, तीन हजारांहून जास्त गाड्या. त्याच्या आधी तळेगावच्या जनरल मोटर्सचं बघा, २०१७ च्या शेवटी त्यांनी भारतात गाड्या विकायच्या बंद केल्या तरी प्लांट डिसेंबर २०२० पर्यंत चालू होता, कशावर, तर बाहेर पाठवायच्या गाड्यांवर आणि त्यात मेक्सिकोला जाणारी शेवरोले बीट मोठी होती. हजारो घरांचा पगार तीन वर्षं एका लांबच्या बाजारपेठेवर चालला, हे तळेगावात कुणाला वेगळं सांगायला नको.

हा टॅक्स नक्की भरतं कोण?

खूप जणांना वाटतं की मेक्सिकोने भारतावर टॅक्स लावला म्हणजे भारत सरकार किंवा इथली कंपनी पैसे भरते. तसं नाही. आयात कर भरतो तो माल मागवणारा, म्हणजे मेक्सिकोतला आयातदार, त्यांच्या बंदरावर, त्यांच्या सरकारला. मग तो पैसे कुठून काढतो हा पुढचा प्रश्न.

हिशोब करून बघू. समजा गाडी तिथल्या बंदरावर उतरली तेव्हा तिची किंमत १० लाख रुपये धरली. आधी २० टक्के कर म्हणजे २ लाख, झाले १२ लाख. त्यावर मेक्सिकोचा १६ टक्के व्हॅट, म्हणजे १३ लाख ९२ हजार. आता ५० टक्के, म्हणजे १५ लाख, आणि व्हॅट या १५ लाखांवर लागणार, झाले १७ लाख ४० हजार. कर वाढला ३ लाखांनी पण गाडी महागली जवळपास साडेतीन लाखांनी, कारण टॅक्सवर टॅक्स बसतो. बाकीचे तिथले छोटे कर मी धरलेच नाहीत.

हे साडेतीन लाख तिघांत वाटले जातात. थोडे गिऱ्हाईक देतं, थोडे तिथला डीलर सोसतो, आणि थोडे इथल्या कंपनीला सांगितलं जातं की भाव कमी करा. कंपनी मग व्हेंडरला सांगते. व्हेंडर कुणाला सांगणार? म्हणून मावसभावाचा फोन मला अजिबात उगाच वाटला नाही.

कस्टमवाला गाडीकडे बघतो तेव्हा त्याला काय दिसतं

कस्टमच्या टेबलावर गाडीचे तीन प्रश्न होतात. ही नक्की काय वस्तू आहे, हिची किंमत किती, आणि ही कुठली.

पहिल्यासाठी जगभर एकच नंबरांची पद्धत आहे, तिला एचएस कोड म्हणतात. माणसं वाहून नेणाऱ्या मोटारगाडीचा कोड ८७०३, तो चाकणला तोच आणि मेक्सिकोत तोच. सोपं वाटतं ना? पण गाडी सुटी करून पाठवली तर ती गाडी की पार्ट?

दिवाळीच्या फराळाचं उदाहरण घेऊ. तयार चकली विकत आणली, तो झाला एक प्रकार. भाजणी आणली आणि घरी चकल्या पाडल्या, तो दुसरा. आणि डाळ-तांदूळ आणून घरी भाजून दळून केलं, तो तिसरा. आपल्या देशात गाड्यांना हेच तीन दर आहेत. पूर्ण तयार गाडी आणली आणि ती ४० हजार डॉलरच्या वरची असेल तर एकूण ११० टक्के आयात कर, त्याच्या खाली ७०. इंजिन किंवा गिअरबॉक्स आधीच जोडलेला किट आणला तर ३५ च्या आसपास. सगळे पार्ट सुटे असलेला किट, ज्याला सीकेडी म्हणतात, तो १५ च्या आसपास. म्हणून तर छत्रपती संभाजीनगरला आणि पुण्याला परदेशी गाड्या जोडायचे कारखाने उभे राहिले, नुसती मजुरी स्वस्त म्हणून नाही. रेंज रोव्हर २०२४ मध्ये पुण्यात जोडायला लागले तेव्हा किमती एकदम लाखांनी खाली आल्या, त्याचं मोठं कारण हे.

आणि भाजणी कुठे संपते आणि डाळ-तांदूळ कुठे सुरू होतात यावर भांडण होतंच. सप्टेंबर २०२४ मध्ये कस्टमने स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला १.४ अब्ज डॉलरची नोटीस काढली, म्हणणं असं की तुम्ही जवळजवळ अख्खी गाडी वेगवेगळ्या खेपांत पार्ट म्हणून आणली आणि कमी कर भरला. कंपनीचं म्हणणं की आम्ही नियमानेच भरलाय, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. कोण बरोबर ते कोर्ट बघेल. पण एका शब्दाच्या अर्थावर एवढी रक्कम टांगलेली असू शकते, म्हणून नियमाच्या मसुद्यातला एक स्वल्पविरामसुद्धा कंपन्या वकील लावून वाचतात.

गाडी कुठली हे कसं ठरतं

हा तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. पुरणपोळीचंच बघा. सदाशिव पेठेत लाटली, गूळ कोल्हापूरचा, जायफळ केरळचं, आणि हरभऱ्याची डाळ ऑस्ट्रेलियातून आलेल्या हरभऱ्याची, कारण तिथून आपण हरभरा आयात करतो. तर पुरणपोळी कुठली? आपण म्हणू पुण्याची. पण उद्या कुणी नियम काढला की सामानाच्या किमतीतला पाऊण हिस्सा महाराष्ट्रातला असेल तरच तिला महाराष्ट्राची म्हणायचं, तर वही-पेन घेऊन बसावं लागेल.

गाड्यांना असाच नियम असतो, त्याला मूळ देशाचा नियम म्हणू. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्यातला करार १ जुलै २०२० ला लागू झाला त्यात अगदी हेच आहे, गाडीच्या किमतीतला ७५ टक्के भाग या तीन देशांतला हवा, आधीच्या करारात ६२.५ होता. शिवाय ४० टक्के भाग अशा कारखान्यांतून यायला हवा जिथे कामगाराला तासाला निदान १६ डॉलर मिळतात. गाडीबरोबर कामगाराचा पगारसुद्धा नियमात आणला. मला स्वतःला हे वाचून बरं वाटलं होतं.

कागदावरचा देश किती महाग पडतो त्याचं एक उदाहरण आपल्या टाटांच्या जेएलआरचं, म्हणजे जग्वार लँड रोव्हर कंपनीचं. रेंज रोव्हर ब्रिटनमध्ये सोलिहल इथे बनते, डिफेंडर बनते स्लोव्हाकियात नित्रा गावात. कंपनी एक, शोरूम एक. अमेरिकेने ३ एप्रिल २०२५ ला परदेशी गाड्यांवर २५ टक्के जादा कर लावला, आधीचे अडीच धरून साडेसत्तावीस, आणि जेएलआरने तो महिना अमेरिकेला गाड्या पाठवणंच थांबवलं. मग ब्रिटनने करार केला, ३० जूनपासून वर्षाला पहिल्या एक लाख ब्रिटिश गाड्यांना १० टक्के, त्याच्यावर गेलात तर परत साडेसत्तावीस. आपल्या लाइट बिलाचा स्लॅब असतो ना, पहिली १०० युनिट स्वस्त आणि पुढची महाग, तसंच. त्यामुळे रेंज रोव्हर दहावर आली पण डिफेंडर मात्र साडेसत्तावीसवरच राहिली, कारण ती युरोपियन युनियनमधली, आणि पुढे युनियनचा वेगळा समझोता झाला तेव्हा तिला १५ मिळाले. कंपनीचं नाव ब्रिटिश, मालक भारतीय, कस्टमला यातलं काहीच लागत नाही, गाडी कुठल्या गावात जोडली तेवढंच.

जहाज निघालं एका नियमात, पोचलं दुसऱ्या नियमात

चाकणहून ट्रेलरवर गाड्या मुंबई बंदरात जातात आणि तिथून रो-रो जहाजात चढतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट बघितलीय ना, गाडी चालवत आत न्यायची आणि तिकडे चालवत बाहेर काढायची, तेच, फक्त इमारतीएवढं उंच, डझनभर मजल्यांचं, पाच-सहा हजार गाड्या पोटात घेणारं. ड्रायव्हर एकेक गाडी आत नेतात, हातभर अंतरावर लावतात आणि पट्ट्यांनी जमिनीला बांधतात, त्याला लॅशिंग म्हणतात. मेक्सिकोपर्यंत वाटेतले थांबे धरून महिना सहज जातो.

या महिन्यात नियम बदलला तर? बहुतेक देशांत कर लागतो तो माल निघाला त्या दिवसाचा नाही, पोचून कागद दाखल झाले त्या दिवसाचा. आपल्या कस्टम कायद्यातही कलम १५ तेच सांगतं, बिल ऑफ एंट्री भरल्याची तारीख, आणि जहाज त्याच्या नंतर आलं तर जहाजाच्या नोंदीची तारीख. बिल ऑफ एंट्री म्हणजे आयातदाराने कस्टमला द्यायचा माल-किमतीचा फॉर्म. एसटीचं तिकीट काढल्यावर भाडेवाढ झाली तरी आपण जुन्या तिकिटावर उतरतो, पण टोलनाक्यावर मात्र पोचता त्या दिवसाचा दर. गाडीचा आयात कर टोलनाक्यासारखा असतो. कधीकधी सरकार वाटेतल्या मालाला सूट देतं, कधी देत नाही. अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये बाकीच्या मालावर जो कर लावला त्यात समुद्रावर असलेल्या मालाला सूट होती, गाड्यांवरच्या करात नव्हती.

त्यामुळे नियम येणार अशी कुणकुण लागली की सगळे एकदम माल पाठवतात, जहाजं मिळत नाहीत, भाडं वाढतं, यार्ड भरतात. आणि तारीख उलटली की सगळं शांत. व्हेंडरकडे हे पहिल्यांदा ओव्हरटाइम म्हणून येतं आणि नंतर सुट्टी म्हणून, मधल्या काळात लोकांना वाटतं धंदा जोरात आहे. मला यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त काळजीची वाटते, कारण त्या ओव्हरटाइमच्या भरवशावर माणसं हप्ते बांधून बसतात.

अजून एक, जहाजाचं भाडं आणि कर एकमेकांना बांधलेले आहेत. भारतासारख्या देशात कर लागतो तो गाडीची किंमत, विमा आणि जहाजभाडं या तिन्हींच्या बेरजेवर. भाडं वाढलं की करही वाढला. १९ नोव्हेंबर २०२३ ला लाल समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी गॅलक्सी लीडर नावाचं गाड्यांचंच जहाज पकडलं, ते रिकामं होतं आणि आपल्या पिपावाव बंदराकडे येत होतं. त्यानंतर खूप जहाजांनी सुएझचा रस्ता सोडून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली, दहा-चौदा दिवस जास्त. भांडण तिसऱ्याच देशात आणि बिल इथल्या आयातदाराला.

कर थेट जहाजावरही लागू शकतो. अमेरिकेने परदेशात बांधलेल्या गाड्यांच्या जहाजांवर बंदर फी काढली, आधी म्हणाले गाडीच्या जागेमागे १५० डॉलर, मग म्हणाले जहाजाच्या टनावर, १४ ऑक्टोबर २०२५ ला लागू केली आणि १० नोव्हेंबरला एक वर्षासाठी थांबवली. चार आठवडे! जहाज कंपनी वर्षभराचे दर आधी ठरवते, तिने अशात दर कसा सांगायचा?

पण असं मनमानी टॅक्स लावता येतो का, डब्ल्यूटीओ काय करतं?

हा प्रश्न हमखास येतो. डब्ल्यूटीओ म्हणजे जागतिक व्यापार संघटना, तिथे प्रत्येक देशाने प्रत्येक वस्तूसाठी एक कमाल दर लिहून दिलेला असतो, याच्यावर जाणार नाही असं वचन. मेक्सिकोचा गाड्यांसाठी कमाल दर ५० टक्के आहे. इतकी वर्षं ते २० च घेत होते, आता शेवटच्या पायरीपर्यंत गेले, पण पायरी ओलांडलेली नाही. म्हणून तक्रारीला जागा फार कमी. घरमालकाने करारात ५० हजार भाडं लिहून ठेवलं होतं आणि आजपर्यंत २० घेत होता, तसा प्रकार.

मग त्या गाड्या दुसरीकडे विकता येत नाहीत का?

येतात, आणि कंपन्या तेच करतात, पण गहू एका मंडईऐवजी दुसरीकडे नेला इतकं ते सोपं नाही. मेक्सिकोची गाडी डाव्या स्टिअरिंगची. दक्षिण आफ्रिका, ब्रिटन, जपान, श्रीलंका इथे उजवं लागतं. डाव्या स्टिअरिंगसाठी सौदी आणि आखाती देश, लॅटिन अमेरिका, युरोप उरतात. शिवाय प्रत्येक देशाचे धुराचे, दिव्यांचे, एअरबॅगचे, धडकेच्या चाचणीचे नियम वेगळे, तिथली मंजुरी मिळायला महिने जातात.

तरी दारं उघडतात हेही खरं. मारुतीची हरियाणात बनलेली पाच दारांची जिम्नी जपानमध्ये गेली आणि जानेवारी २०२५ च्या शेवटी बाजारात आल्यावर चार दिवसांत ५० हजार ऑर्डर आल्या, बुकिंग थांबवावं लागलं. श्रीलंकेने २०२० मध्ये गाड्यांची आयातच बंद केली होती ती फेब्रुवारी २०२५ मध्ये परत सुरू केली. २०२४-२५ मध्ये आपण ७ लाख ७० हजारांच्या आसपास प्रवासी गाड्या बाहेर पाठवल्या, त्या एकाच देशाच्या जिवावर नाही.

आता परदेशी गाड्या आपल्याकडे स्वस्त होणार का?

काही होतील, सगळ्या नाही. ब्रिटनशी आपला करार २४ जुलै २०२५ ला सह्या होऊन झाला, युरोपियन युनियनशी वाटाघाटी पूर्ण झाल्याचं २७ जानेवारी २०२६ ला जाहीर झालं. दोन्हीत ११० टक्के टप्प्याटप्प्याने १० पर्यंत येणार, पण कोटा घालून, युरोपसाठी वर्षाला अडीच लाख गाड्या. परत तोच लाइट बिलाचा स्लॅब. आणि सुरुवातीला फायदा होणार तो महागड्या गाड्यांना, आपल्या बजेटमधली हॅचबॅक इथेच बनते, तिला काही फरक पडत नाही.

दुबईला असणारे ओळखीचे विचारतात की मी कायमचा परत येतोय तर माझी गाडी घरसामानाबरोबर आणू का. घरसामानाची सवलत गाडीला लागत नाही. वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवंच हवं आणि दुबईची गाडी तर डावी, शिवाय ती मुंबई बंदरातूनच यावी लागते, आणि कर किमतीच्या शंभर टक्क्यांच्या वर. ती तिकडेच विकून या. फक्त फिरायला आणायची असेल तर कार्नेट नावाचा गाडीचा पासपोर्ट मिळतो, पण त्यावर आणलेली गाडी मुदतीत परत न्यावीच लागते.

मावसभावाला काय सांगितलं

हे सांगितलं की मेक्सिकोचा दरवाजा बंद झालेला नाही, अरुंद झालाय. तो अजून अरुंद होतो की सैल, ते भारत आणि मेक्सिको बोलून काही सवलत काढतात का आणि अमेरिका-मेक्सिको-कॅनडा कराराचा जो सहा वर्षांनी आढावा करारातच लिहून ठेवलाय, १ जुलै २०२६ चा, त्यात काय होतं, यावर बरंच अवलंबून आहे. आणि एक काम दिलंय त्याला. डावा मोल्ड मशीनवर कधी चढला, कधी उतरला आणि किती शॉट लागले म्हणजे मशीनने किती वेळा पार्ट काढला हे त्यांच्या शिफ्टच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतंच, ते बघत जा म्हटलं, एकदम खूप वाढले तर लगेच बाइकचा हप्ता बांधू नको, आधी विचार की कुठल्या देशाची कुठली तारीख जवळ आलीय.